दप्तर सरकारचे, किल्ली कोणाची?

सरकारी कार्यालयासाठी शाई खरेदी केली म्हणजे त्या शाईने लिहिलेल्या मजकुरावर शाईच्या कारखानदाराचा हक्क निर्माण होत नाही. तो कारखाना उद्या बंद पडला, म्हणून जुने फेरफार, जुनी सेवापुस्तके किंवा जुने निवाडे वाचता येईनासे होत नाहीत. ही गोष्ट इतकी उघड आहे की खरेदीच्या नियमांत ती लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत आपली कार्यालये कागदाकडून संगणकाकडे वळली, तेव्हा नेमकी हीच गोष्ट हातून निसटली. लेखणीच्या जागी आज्ञावली आली, आणि आज्ञावलीबरोबर मजकुराची किल्लीही विक्रेत्याकडे गेली.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे असे समजून बहुतेक प्रशासकांनी तो बाजूला ठेवला. माझ्या मते तो मुळात प्रशासनाचा आणि अर्थशास्त्राचा आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला तर त्याची झळ अधिक बसली, कारण त्याच्यापर्यंत मराठी मजकूर पोचतो तो बव्हंशी महाजालावरूनच. म्हणून हा प्रश्न थोडा मुळापासून पाहू.

अक्षर आणि त्याचा क्रमांक

संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. 'क' साठवायचा तर त्याला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो सर्वांनी मान्य करावा लागतो. रोमन लिपीसाठी हे काम १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' या मानकाने सुरू केले. भारतीय लिपींसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक (आय. एस. १३१९४) प्रसिद्ध केले. त्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. ब्राह्मीतून निघालेल्या लिपींची वर्णव्यवस्था एकच आहे हे ओळखून मराठी, कन्नड आणि बंगाली 'क' ला त्यात एकच क्रमांक दिला होता. त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातील देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच बेतलेला होता. तेव्हा त्या काळी मानकच नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

मग घोळ कोठे झाला? इस्कीत वर्णाचा क्रमांक होता, पण कागदावर व पडद्यावर दिसतो तो आकार. 'र्क' आणि 'क्र' यांत व्यंजने तीच आहेत, क्रम उलटा आहे आणि आकार अगदी निराळे आहेत. वर्णांवरून योग्य आकार जुळवण्याचे काम त्या वेळच्या साध्या संगणकाला जमत नसे. त्यासाठी सी-डॅकचे 'जिस्ट कार्ड' हे वेगळे यंत्रसाहित्य बसवावे लागे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय 'विंडोज २०००' पासून आली. तोपर्यंत बाजाराने आडवाट शोधली होती. फॉण्टमध्ये रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले : कोठे अर्धा 'क', कोठे काना, कोठे वेलांटी. संगणकात साठवला जाई तो रोमन चिन्हांचा गोंधळ, आणि विशिष्ट फॉण्ट चढवला की तो मराठीसारखा दिसे.

कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा, हे प्रत्येकाने आपापले ठरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', पुण्याच्याच सी-डॅकची 'आय. एस. एम.' आणि बंगळूरच्या सायबरस्केपची 'आकृती' या तिन्ही प्रणाली लोकप्रिय होत्या. पण एकीतला मजकूर दुसरीला अगम्य होता. यांपैकी सी-डॅक ही केंद्र सरकारचीच संस्था. तरीही कार्यालयातील टंकलेखक रोजच्या टिपण्या व पत्रे जेथे साठवी, तेथे ती बहुधा इस्कीत न राहता फॉण्टच्या संकेतांत राहत.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या एका पूर्वीच्या नेमणुकीत, एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी अशाच एका आज्ञावलीत केलेली होती. ती आज्ञावली चालण्यासाठी संगणकाच्या मागच्या बाजूस कुलपासारखा एक छोटा ठोकळा जोडावा लागे. पुढे संगणक बदलले, आणि नव्या संगणकांना तो ठोकळा जोडण्याची खाचच नव्हती. यादीची फाइल होती, खरेदीची पावती होती, परवानाही होता. यादी मात्र वाचता येत नव्हती. शेवटी छापील प्रतीवरून दोन टंकलेखकांनी ती पुन्हा उतरवली. त्यात एका कर्मचाऱ्याच्या नेमणुकीची तारीख चुकली आणि त्याच्या पदोन्नतीचे प्रकरण आठ महिने रखडले. नस्तीवर कारण लिहिले गेले : तांत्रिक अडचण. अडचण तांत्रिक नव्हती. सरकारी नोंद वाचण्याचा सरकारचा हक्क एका ठोकळ्यावर अवलंबून ठेवला गेला होता, ही प्रशासकीय अडचण होती.

'प्रथम फॉण्ट उतरवून घ्या'

२००० सालाच्या आसपास मराठी दैनिके महाजालावर आली, तेव्हाचा अनुभव परदेशी व परप्रांती राहिलेल्या वाचकांना आठवत असेल. प्रत्येक दैनिकाचा फॉण्ट वेगळा. पान उघडले की आधी फॉण्ट उतरवून घेण्याची सूचना वाचायची, मग तो संगणकात बसवायचा, आणि कचेरीच्या संगणकावर तशी मुभा नसेल तर मराठी वाचनाचा नाद सोडायचा. या त्रासावर तोडगा निघाला तो पानाबरोबरच फॉण्ट धाडण्याचा. पण तेथेही दोन तट पडले. नेटस्केपने १९९७ मध्ये बिटस्ट्रीम कंपनीची 'पी. एफ. आर.' पद्धत उचलली, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी स्वतःची 'ई. ओ. टी.' आणली. महाजालाची मानके ठरवणारी संस्था म्हणजे १९९४ मध्ये स्थापन झालेला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम. त्याने १९९८ च्या मानकात, पानाने फॉण्ट कसा मागवावा याचा नियम घालून दिला. फॉण्टची फाइल कोणत्या प्रकारची असावी, हे मात्र ठरवले नाही. त्यामुळे दोन्ही पक्ष मानक पाळत होते आणि वाचक मधल्या मधे लोंबकळत होता.

२००० साली आलेल्या नेटस्केपच्या नव्या आवृत्तीत पी. एफ. आर.ची सोय उरली नाही. ई. ओ. टी. टिकली, पण ती चाले फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. पुढे मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ती मानक म्हणून मान्यतेसाठी मांडली, तेव्हा इतर ब्राऊझर-निर्मात्यांनी ती स्वीकारली नाही. अखेर 'वॉफ' नावाची सर्वमान्य पद्धत डिसेंबर २०१२ मध्ये मानक म्हणून जाहीर झाली. एका साध्या प्रश्नाला पंधरा वर्षे लागली.

या भांडणाच्या पोटात परवान्याचा प्रश्न दडलेला होता. फॉण्ट पानाबरोबर वाचकाच्या संगणकावर गेला तर तो फुकट पसरेल, अशी फॉण्ट घडवणाऱ्यांना भीती होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. ई. ओ. टी. मध्ये फॉण्टला विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून ठेवण्याची तरतूद होती ती याचसाठी. म्हणजे मालकीचे रक्षण करण्याची यंत्रणा मजकूर दाखवण्याच्या यंत्रणेतच घुसवली गेली. परिणाम असा झाला की त्या वर्षांतील मराठी मजकूर कोणत्याही शोधयंत्राला मराठी म्हणून दिसलाच नाही. त्या काळची पाने कोणी जपून ठेवली असली, तरी ती आज उघडल्यावर रोमन चिन्हांचा ढिगाराच दिसतो.

बंगळूरचा धडा

मी राहतो ती बसवनगुडी आणि कन्नड साहित्य परिषदेचे ठाणे असलेले चामराजपेठ हे लागून लागून असलेले भाग. येथे रस्त्याला नाव आहे ते डी. व्ही. गुंडप्पांसारख्या लेखकाचे. अशा शहरात कन्नडच्या संगणकीकरणाचा प्रश्न साहित्यिकांनीही आपला मानला, यात नवल नाही. येथे जे घडले ते मराठी माणसाने समजून घेण्याजोगे आहे.

कर्नाटक शासनाने कन्नडसाठी कळफलक आणि फॉण्टमधील तुकड्यांची संकेतव्यवस्था ठरवून दिली. तिच्यानुसार कन्नड गणक परिषदेने 'नुडी' ही आज्ञावली घडवली आणि ती विनामूल्य मिळू लागली. त्याआधी, १९९८ मध्ये, शेषाद्रिवासू यांची 'बरह' ही आज्ञावली आली होती. तिनेही ही संकेतव्यवस्था स्वीकारली. त्यामुळे नुडीतला मजकूर बरहवाल्याला वाचता येई आणि बरहमधला नुडीवाल्याला. पुढे बरह सशुल्क झाली. ज्यांना तिच्या सोयी आवडत त्यांनी पैसे दिले, इतर लोक मजकूर बरोबर घेऊन नुडीकडे गेले. कोणाचीही अडवणूक झाली नाही.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तीही शेवटी फॉण्टचीच संकेतव्यवस्था होती. शोध, वर्णानुक्रम किंवा महाजाल यांसाठी ती अपुरी पडली आणि कर्नाटकालाही युनिकोडकडे वळावे लागले. पण जुना मजकूर बव्हंशी एकाच संकेतात असल्यामुळे त्याच्या रूपांतरासाठी एकच कोष्टक पुरले. मराठीत मात्र जितके विक्रेते तितकी कोष्टके, आणि एकाच विक्रेत्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी कधी कधी आणखी निराळी. माझ्या दृष्टीने यातला धडा असा : शासनाने कोणती आज्ञावली वापरावी हे ठरवणे दुय्यम आहे, मजकूर कोणत्या संकेतात साठवावा हे ठरवणे प्रथम कर्तव्य आहे. कर्नाटकाने ते अर्धेमुर्धे का होईना, पण वेळेवर केले.

मिरजेचे स्थानक

मुंबई-पुण्याहून बंगळूरला येणाऱ्या जुन्या पिढीला मिरज स्थानक चांगले आठवत असेल. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुणे-मिरज मार्ग रुंदमापी झाला. मिरजेच्या दक्षिणेचा मार्ग मात्र मीटरमापी राहिला. त्यामुळे मिरजेला वळकट्या आणि ट्रंका उतरवून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. १९९२ मध्ये रेल्वेने एकमापी मार्गांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि त्या दशकात हा सांधा नाहीसा झाला. अलीकडची गाडी चांगली होती, पलीकडचीही चांगली होती. वेळ, हमाली आणि मनस्ताप खर्च होई तो सांध्यावर.

अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. एकदा एक व्यवस्था रुजली की तिच्याभोवती प्रशिक्षण, सवयी आणि यंत्रे इतकी गोळा होतात की तिच्याहून सरस व्यवस्था आली तरी तिला शिरकाव मिळत नाही, असे त्यांनी दाखवले. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात हा खर्च विक्रेत्याला नेमका ठाऊक असतो, खरेदीदाराला नसतो. आपल्या निविदांत तुलना होते ती प्रवेशाच्या किमतीची. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. पण दहा वर्षांनी त्या प्रणालीतून बाहेर पडायचे झाले तर मजकूर सोडवून घेण्यास किती खर्च येईल, हा रकाना निविदेत बहुधा नसतोच. अशा स्थितीत स्वस्तात शिरकाव आणि महागात सुटका, हाच विक्रेत्याच्या फायद्याचा मार्ग ठरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण नियमच तसे आहेत.

बाजारपेठेत वजने-मापे ठरवण्याचे काम राज्यसंस्थेने स्वतःकडे घेतले ते याच कारणाने. गावोगावचे शेर आणि पायल्या निरनिराळ्या होत्या. १९५६ च्या कायद्याने देशभर दशमान मापे आणली. सरकारने तराजू बनवायचा कारखाना काढला नाही, माप ठरवून दिले. तराजू कोणीही बनवावा आणि कोणीही विकावा. अक्षरांच्या बाबतीतही शासनाची भूमिका हीच असायला हवी.

विनामूल्य, मुक्त आणि खुले

या विषयावरील चर्चेत तीन शब्दांची सरमिसळ होते आणि त्यामुळे वाद भलतीकडे जातो. विनामूल्य म्हणजे किंमत शून्य. तिचा परवाना कितीही जाचक असू शकतो, आणि किंमत उद्या वाढूही शकते. मुक्त म्हणजे ज्या आज्ञावलीची मूळ संहिता पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क परवान्यानेच दिला आहे ती. १९८९ चा जी. पी. एल. परवाना हा त्याचा ठळक नमुना. फॉण्टसाठी २००५ पासून मुक्त परवान्याचा वेगळा मसुदाही उपलब्ध आहे. खुले मानक ही तिसरीच गोष्ट. त्यात फाइलची रचना जाहीर असते आणि ती वापरून कोणीही, कोणाला स्वामित्वधन न देता, आपली आज्ञावली बनवू शकतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००४ मध्ये आपल्या मानकांसाठी हे तत्त्व लेखी स्वीकारले.

माझे मत असे की सरकारच्या दृष्टीने तिसरी गोष्ट अनिवार्य, दुसरी इष्ट आणि पहिली सर्वांत कमी महत्त्वाची आहे. एखाद्या कंपनीची महाग व बंदिस्त आज्ञावली घेतली, पण ती मजकूर खुल्या मानकात ठेवत असेल, तर फार तर पैसा जास्त जाईल. उलट फुकट मिळालेली आज्ञावली मजकूर स्वतःच्या गुप्त रचनेत ठेवत असेल, तर ती फुकट मिळूनही महाग आहे.

या भेदाची परीक्षा २००७-०८ मध्ये झाली. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी 'ओ. डी. एफ.' हे आंतरराष्ट्रीय मानक २००६ मध्ये मान्य झालेले होते. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेली 'ओ. ओ. एक्स. एम. एल.' ही दुसरी रचना त्याच दर्जासाठी पुढे आली. तिचे वर्णन सहा हजारांहून अधिक पानांचे होते. भारतीय मानक ब्यूरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. जागतिक मतदानात ती रचना तरीही मान्य झाली, आणि भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांची अपिले फेटाळली गेली. एका कामासाठी दोन मानके झाली. म्हणजे मिरजेचे स्थानक पुन्हा उभे राहिले. या स्पर्धेचा एक लाभही सांगितला पाहिजे. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या फाइलींच्या रचनेचा तपशीलही खुला केला, आणि लाखो जुन्या दस्तऐवजांची किल्ली त्यामुळे सार्वजनिक झाली.

त्यानंतर केंद्र सरकारची धोरणे स्पष्ट होत गेली. भारतीय भाषांतील मजकूर युनिकोडमध्ये साठवावा, असे ई-प्रशासनाचे मानक २००९ मध्ये आले. नोव्हेंबर २०१० च्या धोरणाने एका कामासाठी शक्यतो एकच, आणि स्वामित्वधनापासून मुक्त असे मानक असावे, हे तत्त्व स्वीकारले. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले. कागदावर आपण चांगल्या ठिकाणी पोचलो आहोत.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट

योग्य मार्ग लांबचा असतो, अशी एक तक्रार नेहमी ऐकू येते. रुपयाच्या चिन्हाने ती खोडून काढली आहे. केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले चिन्ह स्वीकारले. काही दिवसांतच मंगळूरच्या एका कंपनीने, सदिच्छेनेच, ते चिन्ह असलेला फॉण्ट विनामूल्य दिला. त्यात रुपयाचे चिन्ह कळफलकावरील एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या तिरक्या चिन्हाच्या जागी बसवले होते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर रुपया दिसे. घेणाऱ्याकडे तो फॉण्ट नसेल तर त्याला आकड्याच्या आधी नुसती तिरकी रेघ दिसे. १९९० च्या दशकातील मराठीची सारी कथा या एका चिन्हात पुन्हा घडली. फरक इतकाच की या वेळी सरकारने मानकाचा रस्ता धरला. ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे तीन महिन्यांत, युनिकोडने त्या चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. आज ते चिन्ह कोणत्याही फोनवर दिसते आणि तो फॉण्ट कोणाच्या आठवणीतही नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की सरकार झोपलेले असताना खासगी कंपन्यांनीच मराठी संगणकावर आणली, त्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करता? यातले पूर्वार्ध खरे आहे. त्यांनी घडवलेल्या अक्षरांचे सौंदर्य आणि छपाईची सोय यांमुळेच मराठी प्रकाशन व्यवसाय त्या काळात तरला. छापखान्यांचा आधार असलेले 'पेजमेकर' २००१ नंतर पुढे सरकलेच नाही, आणि त्याला युनिकोडमधील देवनागरी कळत नसे. छापखानेवाल्याने जुना फॉण्ट सोडला नाही तो हट्टाने नव्हे, निरुपायाने. पण मुद्रकाचा निरुपाय हे शासनाच्या दप्तराचे धोरण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सर्वत्र युनिकोड आहे, मग जुने उकरून काय मिळणार? याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, जुना साठा अजून तसाच पडून आहे. अनेक शासकीय संकेतस्थळांवरील जुनी परिपत्रके वाचायला दिसतात, पण त्यांतील एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवली की अर्थहीन चिन्हे हाती येतात. २०२२ मध्ये केंद्र सरकारने यंत्राद्वारे भाषांतरासाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. असा उपक्रम मराठी शिकणार तो उपलब्ध मराठी मजकुरावरून. जो मजकूर यंत्राला मराठी म्हणून दिसतच नाही, तो त्या शिक्षणातून वगळला जातो.

दुसरे उत्तर असे की मानक हे एकदा ठरवून विसरायचे काम नाही. 'ॲ' या अक्षराचेच पाहा. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या युनिकोड आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते मराठी वर्णमालेत घेतले. त्याआधी 'अ' वर चंद्र देऊन काम भागवले जाई, आणि आजही कित्येक ठिकाणी तसेच लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती निराळी आहेत. 'ॲड.' ही उपाधी नावाआधी लावणाऱ्या वकिलाचा शोध एका पद्धतीने घेतला तर दुसऱ्या पद्धतीने नोंदलेले नाव सापडेलच असे नाही. मतदारयादी असो वा जमिनीची नोंद, अशा फटी बुजवायला मानकांच्या समित्यांवर मराठी जाणणारी माणसे सतत हवीत.

काय करावे

धोरणे आहेत, पण खरेदी होते ती निविदेच्या अटींवर. म्हणून प्रत्येक खात्याच्या निविदेत पुढील पाच अटी असाव्यात, असे मला वाटते.

१. सर्व भारतीय भाषांतील मजकूर युनिकोडमध्येच साठवला जाईल, आणि तशी चाचणी झाल्याखेरीज देयक दिले जाणार नाही.

२. दस्तऐवज जाहीर रचनेच्या फाइलीत राहतील, आणि दीर्घकाळ जपायच्या प्रती २००५ मध्ये मान्य झालेल्या 'पी. डी. एफ./ए' या मानकात काढल्या जातील.

३. करार संपताना सर्व माहिती खुल्या रचनेत परत देण्याची जबाबदारी विक्रेत्याची राहील, आणि त्या कामाची किंमत सुरुवातीच्या निविदेतच धरली जाईल.

४. नागरिकांसाठीचे संकेतस्थळ मानक पाळणाऱ्या कोणत्याही ब्राऊझरमध्ये चालेल. 'अमुक ब्राऊझरमध्येच पाहा' ही पाटी लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की इंटरनेट एक्स्प्लोररच १५ जून २०२२ रोजी सेवानिवृत्त झाला.

५. सार्वजनिक पैशातून घडवलेला फॉण्ट मुक्त परवान्याने सर्वांना दिला जाईल.

यांतील कोणतीही अट कोणत्याही कंपनीला बाजारातून हाकलत नाही. स्पर्धा गुणवत्तेवर व्हावी, कोंडीवर होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आपल्या पूर्वजांचे दप्तर मोडीत होते. मोडी व्यवहारातून गेली, वाचणारे विरळ झाले. तरी पुण्याच्या दप्तरखान्यातला कागद असो की तंजावरच्या सरस्वती महालातला, काही महिने सराव केला तर तो आजही कोणालाही वाचता येतो, कारण मोडीची किल्ली कोणाच्या मालकीची नव्हती. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे तंजावर वाचता यावे आणि १९९८ ची ज्येष्ठता यादी वाचता येऊ नये, ही स्थिती शासनाला शोभणारी नाही.

हे काम केवळ शासनाचे आहे असेही नाही. महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मराठी मंडळांच्या १९९० नंतरच्या स्मरणिका, घटना, सभासदयाद्या आणि इतिवृत्ते कोणाच्या तरी कपाटातील तबकड्यांवर जुन्या फॉण्टांत पडून असतील. रूपांतराची साधने आज उपलब्ध आहेत, आणि कोणता फॉण्ट वापरला होता हे सांगू शकणारी माणसेही आहेत. दोन्ही कायम राहतील असे नाही. मंडळाच्या पुढच्या सभेत हा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि एखाद्या तरुण सभासदाकडे ती तबकडी सोपवावी.